काकूंची चवड

पोळी तव्यावरून उतरली की काकू ती दोन बोटांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरायच्या. पदर सुटलेले दिसले तर चवडीवर, नाहीतर बाजूला. "ही आपल्याला चहाबरोबर," म्हणायच्या. मग भिंतीवरच्या टीव्हीकडे मान करून, "त्याला नका विचारू. त्याला दात नाहीत."

वारज्यात डब्यांचं मोठं स्वयंपाकघर आहे, तिथं आम्ही नऊ बायका पोळ्यांवर. मला सगळे आजी म्हणतात. तुम्ही ऑफिसात डबा मागवत असाल तर आमच्या हातचं खाल्लंही असेल. काकू शनिवार पेठेतनं पहिल्या बसने यायच्या. तिकडे घरोघरी पोळ्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोलणं मोजकं, पण लागायचं.

टीव्ही म्हणजे मालिकांचा नव्हे. मॅनेजर त्याला डॅशबोर्ड म्हणायचे. प्रत्येकीच्या नावापुढे एक पट्टी. वीस पोळ्यांची चवड झाली की दारापाशी काट्यावर ठेवायची, आपल्या नंबरचं बटण दाबायचं. पट्टी तेवढी पुढे सरकते. अकराच्या आत टार्गेट झालं तर हिरवी, नाही झालं तर लाल. मी चौथीपर्यंत शिकले. नाव वाचायला मला वेळ लागतो, पण लाल-हिरवं कळायला शाळा लागत नाही.

काकूंची पट्टी रोज अगदी शेवटी शेवटी हिरवी व्हायची. मॅनेजर एकदा म्हणाले, काकू, जरा स्पीड वाढवा. काकू म्हणाल्या, "वाढवते की. त्या पोळ्या तुमच्या घरी पाठवू का?" ते हसले आणि गेले.

मागच्या उन्हाळ्यात मी मोरीत घसरून पडले. उजवं मनगट सुजलं. घरात बसून भागणार नव्हतं. आमचे हे बांधकामावरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले, अकरा वर्षं झाली. मनगटाला फडकं बांधलं आणि कामावर गेले. लाटणं फिरेना. तीन दिवस माझी पट्टी लाल. आणि त्याच आठवड्यात मॅनेजरनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, महिनाअखेरीस ज्यांचं लाल राहील त्यांना पुढच्या महिन्यापासून बोलावणार नाही.

चौथ्या दिवशी काकूंनी आपली चवड काट्यावर ठेवली आणि बटण माझं दाबलं. मी बघितलं. म्हटलं, काकू, चुकलं तुमचं.

"चुकलं तर चुकलं. तू उंडे कर."

दुसऱ्या दिवशीही चुकलं. मग रोज दोन चवडी. माझी पट्टी हिरवी झाली, त्यांची लाल. त्या वर बघायच्याच नाहीत.

खरं सांगते, माझं मनगट आठ-दहा दिवसांत बरं झालं. मी त्यांना सांगितलं नाही. सकाळी घरून निघताना फडकं परत बांधायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत महिना संपवला.

महिनाअखेरीला मॅनेजर आमच्या ओट्यापाशी आले. मलाच विचारलं, "आजी, तुम्ही शेजारी असता. काकूंचं इतकं कमी का येतंय?"

मी पोळपाटाकडे बघत म्हटलं, "वय झालं. हात मंदावलाय त्यांचा."

काकू तिथेच होत्या. तव्यावरची पोळी त्यांनी उलटलीच नाही. इतक्या दिवसांत त्यांच्या हातून करपलेली ती एकच पोळी मी पाहिली.

निघताना त्यांनी आपलं लाटणं पंच्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं. मग माझा हात हातात घेऊन मनगट दाबून पाहिलं. मी हूं की चूं केलं नाही. दुखतच नव्हतं. त्यांनी फडक्याची गाठ सोडून परत घट्ट बांधली.

"सैल झालं होतं," म्हणाल्या. एवढंच.

पुढच्या महिन्यापासून काकूंना बोलावलं नाही. शनिवार पेठ अशी किती मोठी? विचारत गेले असते तर घर सापडलं असतं. मंडईपर्यंत दोनदा गेलेसुद्धा. भाजी घेतली आणि परत फिरले.

त्यांचं नाव टीव्हीवर तसंच राहिलं होतं. कुणी काढलं नव्हतं. नाव होतं, पुढे पट्टी नव्हती. एक दिवस सकाळी मी एकेक पोळी खिडकीशी धरून पाहिली, चांगल्या वीस निवडल्या, चवड काट्यावर ठेवली आणि बटण काकूंचं दाबलं. त्यांची पट्टी जरा पुढे सरकली. दुसरी चवड ठेवली. आणखी सरकली.

मॅनेजर येऊन टीव्हीकडे बघत राहिले. म्हणाले, "मशीन बिघडलं वाटतं. ही बाई तर येतच नाही." आणि दुपारच्या आत त्यांनी ते नाव पुसून टाकलं.