जाळ नसताना भाजलेली सून

त्या दिवसाची आठवण निघाली की आजही मला हसू फुटतं. सुरुवात मात्र वाईट होती.

घाटंजीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असतानाच फोन आला, "साहेब, तांड्यावर सासूनं सुनेले जाळलं." पाठोपाठ दवाखान्यातून खबर आली : विवाहितेच्या अंगावर भाजल्यासारखे फोड, जबाब घ्यावा. मुलीचा बाप दहा माणसं घेऊन ठाण्यात ठाण मांडून बसला. सासूला अटक करा, एवढंच त्याचं म्हणणं.

सासूला ठाण्यात बोलावून महिला शिपायासमोर मी विचारलं. साठीची बाई, नजर न वळवता बोलली, "मी काहून जाळू तिले? मले लेक नाही साहेब, हेच माही लेक."

असं म्हणणारे खोटारडे मी पुष्कळ पाहिले होते. म्हणून घरी जाऊन पंचनामा केला. कुठं जळाल्याची खूण नाही, रॉकेलचा वास नाही. दवाखान्यात पाहिलं तर मुलीचे केस, भुवया शाबूत आणि फोड मात्र ओठांच्या आत, जिभेवरसुद्धा. आग अशी लागत नाही. मी विचारलं, "कोणी केलं?" ती कशीबशी बोलली, "कोणीच नाही. याडी जेवली का?"

तांड्यावर आईला याडी म्हणतात. ती सासूबद्दल विचारत होती.

ठाण्यात येऊन सासूला प्रश्न बदलून विचारला, "इतक्यात घरात नवीन काय आलं?"

"नवीन काय... सुनेच्या फिटच्या गोळ्या. पंधरा दिस झाले. मंग ताप, मंग हे फोड." डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्यांचं एक संपलेलं पाकीट तिच्या पिशवीतच होतं.

ते घेऊन मी तसाच दवाखाना गाठला. नवरा बिचारा इमानदारीनं तिथंही तीच गोळी बायकोला भरवत होता! डॉक्टरांनी पाकीट पाहिलं आणि ओरडले, "थांब! गोळीचीच रिअ‍ॅक्शन आहे ही." औषध बरोबर होतं, तिच्या अंगाला मानवलं नव्हतं. गोळी तिथंच बंद झाली आणि दुपारी रुग्णवाहिका नागपूरला निघाली.

दीड महिन्यानं तिघं ठाण्यात आली. सून चालत, नव्या कातडीनं उजळलेली. पेढ्यांचा पुडा हातात घेऊन मागं तिचा बाप, मान खाली. सासू खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "साहेब, मले आरोपी केलतं ना? आता चहा पाजा!" अख्खं ठाणं हसलं. बापही हसला, मग डोळे पुसत विहिणीच्या पाया पडला.

ठाण्यात माणसं बहुतेक वेळा गुन्हेगाराचं नाव ठरवूनच येतात. गुन्हा घडला तरी आहे का, हे आधी पाहायचं असतं, हे मला त्या बाईनं शिकवलं. गुन्हा दाखल न झाल्याचा इतका आनंद मला नोकरीत पुन्हा कधी झाला नाही.