चार किलोचा व्हॉल्व्ह

प्रियदर्शिनी साळवी महाडच्या एका शाळेत कार्यशाळा शिकवते. शिकवते म्हणजे करायला लावते. ज्याला कानस नीट धरता येत नाही त्याला मार्क नाहीत आणि सहानुभूतीही नाही. आयटीआयला फिटरच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. "ही दिवाळीपर्यंत पळेल," म्हणणारे स्वतःच पळाले, ती राहिली. लग्न केलं नाही. का, असं विचारलेलं तिला खपत नाही, म्हणून इथेही तो विषय नको.

यंदा संस्थेने ठरवलं की कार्यशाळेची खोली रिकामी करायची आणि तिथे स्पर्धा परीक्षांचे वर्ग घ्यायचे. प्रियदर्शिनी भांडली, हे वेगळं सांगायला नको. शेवटी वैतागून अध्यक्ष म्हणाले, "पुण्याच्या रोबो स्पर्धेत तुमची पोरं पहिली फेरी जिंकली तर खोली तुमची. नाहीतर किल्ल्या आणून द्या." लेथ, ड्रिल मशीन, भिंतीवर ओळीने लावलेले पान्हे, सगळं त्या एका फेरीवर टांगलं गेलं.

रोबोचा हात हवेवर चालायचा. त्याच्या अंगावरच्या बाटल्यांत हवा भरायला कॉम्प्रेसर हवा आणि शाळेचा ऐन वेळी जळला. तेव्हा पोलादपूरला आंबेनळीच्या रस्त्यावरच्या गणू पंक्चरवाल्याने आपला दिला. "ने गो ताय. पन जपून ने. घाटातले ट्रक ह्याच्यावरच हायत." उपकार करणाऱ्याची वस्तू त्याच्या तोंडासमोर उलटीसुलटी करून बघायची नाही, ही आपल्याकडची रीत. प्रियदर्शिनीनेही बघितली नाही. एरवी विकतचा स्क्रूसुद्धा उजेडात धरून पारखणारी बाई ही! टेम्पो सरळ वरंध घाटाला लागला.

पुण्यात तपासणीला एक पोरगेलासा तपासनीस होता. कॉम्प्रेसरच्या टाकीभोवती फिरला आणि थांबला.

"मॅडम, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे?"

व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट होता. टाकीत दाब जास्त झाला की व्हॉल्व्ह आपोआप हवा सोडतो. पण ट्रकच्या टायरला दाब भरपूर लागतो आणि व्हॉल्व्ह मध्येच उघडून खोळंबा करतो, म्हणून गणूने तो काढून भोक बुजवून टाकलं होतं.

"ही फुटली तर माणसं जातील. जेवणाच्या सुट्टीपर्यंत व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर नाव मागे घ्या."

त्याचं काहीच चुकत नव्हतं, आणि तेच तिला लागलं.

दुसऱ्या संघाचा कॉम्प्रेसर वापरायला नियमाने बंदी, आणि रविवार, म्हणून बाजार बंद. ती टेबलामागून टेबल फिरली. "जादा व्हॉल्व्ह आहे का हो?" एका कॉलेजचे सर हसून म्हणाले, "महाडहून पंक्चरचं दुकानच उचलून आणलंत की!"

"हो. तुमची हवा गेली की या भरायला," म्हणून ती पुढच्या टेबलाकडे वळलीसुद्धा. मनातून मात्र पार खचली होती.

शेवटी नागपूरच्या मुलींनी सामान उपसून एक व्हॉल्व्ह काढून दिला. तो चार किलो दाबालाच उघडत होता.

"बाई, हात पुरता वर जायला सहा लागतात," अक्षदा म्हणाली. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची ही मुलगी संघाची कप्तान होती. रोबोचा हात तिनेच बनवला होता.

"माहीत आहे. पान्हा दे."

व्हॉल्व्ह बसला. चार किलोला फस्सकन उघडला. तपासनीसाने हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि तो गेला.

तेवढ्यात संघातला भरत कानाशी लागला. "बाई, आता कोन बघतंय? बोल्ट परत मारू. एकाच फेरीपुरता."

बोल्ट तिच्या मुठीतच होता. गणूची टाकी इतकी वर्षं फुटली नव्हती, आजही बहुधा फुटली नसती. बहुधा! शेजारी अक्षदा गुडघे टेकून टाकीला नळी जोडत होती. तिचं तोंड टाकीपासून वीतभर अंतरावर होतं.

प्रियदर्शिनीने बोल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"मग आलो कशाला बाई आपन?" भरतचा आवाज फुटला.

फेरी सुरू झाली. कड्या उचलून खांबांवर टाकायच्या, उंच खांबाला गुण जास्त. रोबोने कडी उचलली, हात अर्ध्या उंचीपर्यंत गेला, थरथरला आणि कडी खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग अक्षदाने उंच खांब सोडला आणि बुटक्या खांबावर कड्या टाकायचा सपाटा लावला. गुण मिळत गेले, पण पुरले नाहीत. शिट्टी झाल्यावरही ती रिमोट सोडेना, तेव्हा प्रियदर्शिनीने तिची बोटं एकेक करून सोडवली.

सामान टेम्पोत चढवताना अध्यक्षांचा फोन आला.

"काय झालं?"

"हरलो."

"अरेरे. मग उद्या..."

"देते किल्ल्या. पण लेथ मी स्वतः उतरवणार. तुमच्या हमालांनी पाडलेला चालायचा नाही." उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला आणि अक्षदाकडे वळली. "लेथ जागेवरून कसा काढतात, शिकायचंय?"

"नाय शिकायचं," अक्षदा म्हणाली. नळी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पन येईन मी, बाई."