दोरीतल्या कुत्र्याला यू यू करू नये

लग्न होऊन पिंपरीला आले तेव्हा मी फारशी कोणाशी बोलत नसे. दारात परकं माणूस आलं की आवाज घशातच बसायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना सांगायच्या, "सून गुणाची हाय, पर आवाज माहेरी इसरून आलीया."

कुत्र्यांशी मात्र मी पोटभर बोलायची. चाकणच्या बाजूला आमच्या मळ्यात तीन कुत्री होती, त्यांच्या अंगाखांद्यावरच मी वाढले. सासरी कुत्रा नव्हता. म्हणून आमच्या दारावरून तो आंधळा बाबा आणि त्याचा कुत्रा पहिल्यांदा जाताना दिसले, तेव्हा हातातलं सूप तसंच राहिलं आणि तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले.

आमचं घर मुंबई रस्त्याच्या अगदी कडेला. बाबा फाळणीनंतर वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात राहायचा. घरी लाटलेले पापड टोपलीत घालून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चिंचवडच्या बाजाराला जायचा. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात कुत्र्याच्या गळपट्ट्याची दोरी. तांबडा कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला. खड्डा आला की थांबायचा. लष्कराचे ट्रक यायचे तेव्हा बाबाच्या पायाला अंग लावून उभा राहायचा, आणि ट्रक गेला की पुढं. असं शहाणं जनावर मी जन्मात पाहिलं नव्हतं! रोज सकाळी ते दोघं यायची वेळ झाली की माझा जीव दाराच्या फटीशी. एकदा, फक्त एकदा त्या पडलेल्या कानावरून हात फिरवायचा, एवढंच डोक्यात.

मग चंपाषष्ठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्यांचा नैवेद्य कुत्र्याला घालतात, आणि कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. पण गावात घरोघरी खंडोबाच! आम्हाला जरा उशीर झाला, तोवर गावातली सगळी कुत्री टम्म फुगून उन्हात पडलेली. एकानं आमचं भरीत हुंगलं आणि तोंड फिरवून झोपलं. आत्याबाई रडकुंडीला आल्या. "अगं, कुठलं बी बघ, पर उपाशी कुत्रं बघ!"

मी नैवेद्याचं पान घेऊन दारात आले, तर समोर, रस्त्याच्या पलीकडे, तो! मला वाटलं, देवानंच पाठवला. मी हळूच म्हटलं, "यू, यू." कुत्रा थांबला. बाबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी रोडगा उंच धरला आणि परत बोलावलं.

कुत्रा सरळ रस्त्यात घुसला. दोरीला हिसका बसून बाबाही मागोमाग आला. तेवढ्यात ट्रक. ब्रेकचा असा आवाज झाला की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा बाबा रस्त्यावर गुडघ्यांवर पडला होता आणि पापड सगळीकडे उडाले होते. "ए म्हाताऱ्या, मरायचं होतं तर दुसरी गाडी बघ की!" ड्रायव्हर ओरडत होता. बाबा जमिनीवर हातानं दोरी चाचपत होता. आणि दोरी माझ्या पायाशी होती. माझ्या हातातून पडलेल्या पानातलं भरीत कुत्रा मिटक्या मारत खात होता.

आतून आत्याबाईंना फक्त कुत्रा दिसला. "खाल्लं गं बाई! खाल्लं!" म्हणून त्यांनी भंडारा उधळला.

बाबानं विचारलं, "किसने बुलाया?" मी पदर तोंडात धरून भिंतीला चिकटले. शेजारच्या काकूंनी दोरी त्याच्या हातात दिली. हात पुसत तो गेला. त्या दिवशीचा रोडगा मला गिळवला नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. दुसऱ्या दिवशी कुत्रा बरोबर आमच्या दारासमोर आला आणि बाबाला ओढत रस्ता ओलांडून आमच्या उंबऱ्याशी शेपूट हलवत उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी आत दडून बसायची आणि बाहेर ट्रकचा आवाज आला की कानांवर हात दाबायची.

चौथ्या दिवशी बाबा दारातच उभा राहिला. "घरात कोण आहे? ज्यानं घास दिला त्यानं ऐका. कुत्रा वाईट नाही, देनेवाला पण वाईट नाही. पण मी याच्या मागे चालतो. हा रोज रोटीच्या मागे चालला, तर एक दिवस ट्रक थांबणार नाही."

मी दाराआड होते. कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "मी बोलावलं, बाबा."

"चला, कोणी तरी आहे," बाबा हसला. "मला वाटलं मी दरवाजाशीच बोलतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. दोरी हातात असेल तोवर कुत्रा कामावर असतो. तेव्हा त्याला हाक मारायची नाही, घास दाखवायचा नाही, डोळ्याला डोळाही द्यायचा नाही. काही विचारायचं असेल तर बाबाला विचारायचं, कुत्र्याला नाही. "आणि हे एकटीनं होणार नाही, बेटी. सगळ्या आळीनं केलं पाहिजे."

सगळ्या आळीनं! मी, जी पाण्याला जातानाही खाली बघून चालायची! पण दुपारी पदर खोचला आणि निघाले. आठ घरं होती. पहिल्या घरी माझे शब्द इतके अडखळले की काकूंना वाटलं मी विरजण मागायला आले. चौथ्या घरापर्यंत जीभ मोकळी झाली. शेवटच्या घरी एक म्हातारी आजी जात्यावर बसलेली. ती भडकली. "कुत्र्याला घास घालू नगं म्हणतीस? खंडोबाच्या कुत्र्याला?"

मी म्हटलं, "आजी, औताला जुंपलेल्या बैलापुढं कुणी पेंड ठेवतं का? नांगरटीचं तास वाकडं जाईल की."

आजीचा हात जात्यावरच थांबला. "व्हय गं," ती म्हणाली. "ह्ये खरं हाय." मग आत तोंड करून ओरडली, "आईकलं का गं? उद्यापासनं त्या कुत्र्याकडं कुणी बघायचं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी कुत्रा आला तर आख्खी आळी भिंतीकडं तोंड करून उभी! कुणी धुणं झटकतंय, कुणी उगाच कौलं मोजतंय. कुत्रा आमच्या समोर थांबला, कुंईकुंई केलं, दोरी ताणली. बाबा म्हणाला, "चल." ओढत ओढत गेला. त्याच्या पुढच्या दिवशी नुसता थांबला. त्याच्याही पुढच्या दिवशी नुसती मान वळवली.

आणि मग तो दिवस. मी फटीतून बघत होते. लांबून ट्रक येत होता. कुत्रा आमच्या समोर आला. थांबला. मला वाटलं, परत तेच! पण तो ट्रकसाठी थांबला होता! बाबाच्या पायाला अंग लावलं, ट्रक जाऊ दिला, आणि आमच्या दाराकडं ढुंकूनही न बघता चालू लागला. मी पिठाच्या हातांनी आत्याबाईंना मिठी मारली. "गेला, आत्याबाई, गेला! बघितलंसुद्धा नाही!"

"सोड मला, पोरी! लुगडं भरलं की!" पण त्याही हसत होत्या.

रविवारी बाबा रिकामी टोपली घेऊन परत येताना आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली टेकला. मी आत्याबाईंना घेऊन बाहेर गेले. कुत्र्याकडं बघितलं नाही. बाबासमोर उभी राहून स्पष्ट विचारलं, "बाबा, हात लावू का?"

बाबानं गळपट्ट्याची दोरी सोडली आणि गुंडाळून खिशात घातली. "आता सुट्टी," तो म्हणाला. "लाव."

मी मातीतच बसले. पडलेला कान मऊ होता, मखमलीसारखा, आणि उन्हानं गरम झालेला. मी तो हातात घेतला तर कुत्र्यानं सगळं डोकं माझ्या मांडीवर टाकलं आणि मागचा पाय जमिनीवर आपटायला लागला. मी काय काय बोलले त्याच्याशी, मला आठवत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "बया, किती बोलती ही!" भाकरीचा तुकडा आणला होता, तो मी बाबाच्या हातात दिला आणि बाबानं आपल्या हातानं त्याला भरवला.

मग बाबानं दोरी काढून पट्ट्याला बांधली. कुत्रा उठला, अंग झटकलं, रस्त्याकडं तोंड केलं. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मीही पटकन लिंबाकडं तोंड फिरवलं, पण हसू काही केल्या आवरेना.