रोज अर्धं पान

माझी भाची, भावाची मुलगी, सात वर्षांची झाली, दुसरीत गेली, तरी तिला वाचता येत नव्हतं. शाळेतल्या मॅडमनी वहिनीला बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत ती हिंदीचं पुस्तक वाचायला लागली नाही, तर तिला पहिलीच्या मुलांत बसवावं लागेल. मीच म्हटलं, रोज मी तिला वाचायला बसवते.

मी इथेच, मध्य प्रदेशातल्या सौसरला, त्याच इंग्रजी शाळेत शिकले. आम्हाला जसं शिकवलं तसंच मी सुरू केलं. शब्दाखाली बोट, चुकलं की लगेच थांबवायचं, पुन्हा पहिल्यापासून. भाचीला तहान लागायची, पोट दुखायचं, शेळीला पाला टाकायचा राहिलेला असायचा. एक धडा मात्र ती घडाघडा वाचू लागली. मी खूश झाले. मग दिसलं, बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचवीवर. माझं ऐकून तिनं अख्खा धडा पाठ केला होता. मी ओरडले. दुसऱ्या दिवशी तिनं दप्तर गव्हाच्या कोठीमागे लपवलं.

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, आमच्या वस्तीतल्या बौद्ध विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकानं अर्धं पान वाचायचं, मग ग्रंथ शेजारच्याकडे द्यायचा. ग्रंथ मराठी, आणि आम्ही सगळे मध्य प्रदेशच्या शाळांत हिंदी शिकलेले, त्यामुळे बरेच जण अडखळत वाचतात. माझी पाळी आली की मी गळ्याला हात लावायचे आणि ग्रंथ पुढे सरकवायचे. घरात मराठी बोलणारी, इतकी शिकलेली मी मराठी अडखळत वाचते, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

एकदा विहारातून घरी आल्यावर भाची म्हणाली, "आत्या, तुहा घसा रोज याच टायमाले बसते का वं?"

"चूप. पुस्तक काढ."

"तू तं कोनासमोर वाचत नाही. मलेच काऊन बसवून राहिली?"

स्वयंपाकघरातून वहिनी हसली. "दे आता उत्तर!"

दुसऱ्या दिवशी विहारात मी ग्रंथ हातात घेतला. दोन ओळी जमल्या. तिसरीत एक लांबलचक शब्द आला आणि मी थांबले.

"अरे, इंग्लिशवाली अटकली!" मागून कोणीतरी म्हणालं. हसले सगळे. दोघांनी एकाच वेळी तो शब्द सांगितला आणि मला येत होतं तेही गेलं. ग्रंथ मिटून उठावंसं वाटलं.

वाचन चालवणाऱ्या मावशी समोरच बसल्या होत्या. कापूस वेचायची मजुरी करत, नातवंडं झाल्यावर त्या याच विहारात वाचायला शिकल्या. त्या म्हणाल्या, "तोंडं बंद ठेवा रे. तिचं वाक्य पुरं होऊ द्या, मंग सांगा. तुम्ही अटकत होते तवा मी बोलली का मधात?"

मग कोणी बोललं नाही. मी शब्द तोडून तोडून वाचला, चुकीचा वाचला, पुढे गेले. वाक्य संपल्यावर त्याचा अर्थ लागला आणि चूक माझी मलाच कळली. मी मागे जाऊन नीट वाचलं. अर्धं पान पूर्ण केलं.

परत येताना भाची म्हणाली, "तू लय अटकते वं."

"हो."

"उद्या वाचशीन?"

"वाचीन."

घरी मी एकच गोष्ट बदलली. तिचं वाक्य संपेपर्यंत गप्प राहायचं. हे मला वाटलं त्याहून अवघड निघालं. ती अडली की माझ्याकडे बघायची आणि मी पुस्तकाकडे बघत राहायचे. एका ओळीत चहा गार व्हायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी वाक्य संपवून ती आपणच म्हणाली, "हे जमलं नाही," आणि मागे गेली.

त्यानंतर आम्ही दोघींनी एकही दिवस चुकवला नाही. पांढुर्ण्याला वहिनीच्या माहेरी गेलो तरी पुस्तक पिशवीत. "आज पोळा हाये न वं!" "पोळ्यालाही अर्धं पान." ती रागावून वाचायची, पण वाचायची.

दिवाळीच्या आधी मॅडमनी बोलावलं. वहिनीनं मलाच पाठवलं. मॅडमनी न शिकवलेलं पान उघडलं. तिसऱ्या शब्दाला भाची अडली, मॅडमनी शब्दावर बोट ठेवून टोकलं, आणि ती गप्पच झाली. त्या मॅडमनी मलाही शिकवलं होतं. वर्गात मी त्यांच्यासमोर कधी आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

"मॅडम, उसे वाक्य पूरा कर लेने दीजिए," मी म्हटलं. माझा आवाज फार लहान निघाला. पण त्यांनी ऐकलं आणि हात मागे घेतला.

भाचीनं पान संपवलं. चारदा अडली, दोनदा मागे गेली. मॅडम म्हणाल्या, "दूसरी में ही बैठेगी. पर पढ़ना छूटना नहीं चाहिए."

फाटकाबाहेर येताच भाचीनं विचारलं, "झालं न आता? आज सुट्टी?"

"आज अर्धं पान."

घरापर्यंत ती माझ्या पुढे पुढे चालत गेली. दप्तर आपटलं, पाणी प्यायली, शेळीला पाला टाकून आली. मग पुस्तक घेऊन बसली.