भरती सुरू झालीय

श्रीगोंद्याजवळच्या वाडीतल्या कलाबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे कालव्याचं, तेही आवर्तन सुटलं तर. घरात ‘भरती’ हा शब्द मात्र उठताबसता कानावर पडायचा. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक भरती. धाकटी यशोधरा कालव्याच्या रस्त्यावर पळून पळून एकदाची वनरक्षक झाली आणि कोकणातल्या एका राखीव खाडीवर रुजू झाली. तिथं चिखलात उगवणारी तिवराची झाडं राखायची. त्यांच्या मुळांत मासे-खेकडे वाढतात म्हणे. चिखलाला राखण कशाला, हे कलाबाईंना काही पटलं नव्हतं. पण सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी! खुरपताना बायकांना ऐकवायला तेवढं पुरे होतं.

त्या दुपारी बांधावर त्यांनी भाकरी सोडली, तोच फोन वाजला. पलीकडे नुसती खरखर.

“आई, भरती सुरू झालीय... सोडून निघू का मी?”

कलाबाईंचं टाळकंच सरकलं. हातातली नोकरी सोडून ही पुन्हा भरतीच्या मागं लागणार?

“अजिबात सोडायचं न्हाई! लई झाली पळापळ. हाय तिथंच थांब, सांगून ठिवते!”

फोन कटला. घरी येऊन त्यांनी फणकाऱ्यानंच थोरल्या करणला हे सांगितलं. टेम्पो धुता धुता तो जागच्या जागी थिजला.

“आई, भरती म्हंजी समुद्राचं पानी चढतंय! ती खाडीत अडकलीय. आन् तू तिला थांब म्हनलीस?”

“लाव, लाव तिला फोन!” कलाबाई ओरडल्या. करण फोनवर फोन लावत होता; यशोधराचा मोबाईल बंद. आपल्याच तोंडानं आपण लेकीला बुडवलं! पाणी कुठवर आलं असेल? कमरेला? गळ्याला? त्या ओट्यावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. सुनेनं प्यायला पाणी आणलं, तर त्यांना तांब्याकडे बघवेना.

दिवस कलताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

“आई, होडी आली. बरी हाय मी. तिवरावर चढून बसले हुते; झाड सोडून पवत निघनार हुते, पन तू थांब म्हनलीस. निघाले असते तर त्या ओढीत टिकले नसते, नावाडी म्हनतोय. तुला गं कसं कळलं?”

कलाबाईंना रडू आवरेना. गप्प बसून मोठेपणा घेता आला असता, पण जीभ वळेना.

“मला काय कळतंय, पोरी? मला वाटलं, तू नोकरी सोडतीस. माझं ध्यान नोकरीत हुतं गं, तुझ्यात न्हाई.”