लोखंड काढून ठेव

टी. नगरच्या गर्दीत बस अडकली होती, तेव्हा फोन आला... राव सर गेले. खिडकीबाहेर साड्यांचे रंग तसेच हलत राहिले. माझा स्टॉप कधी मागे पडला, कळलंच नाही.

सर तंजावूरकडचे मराठी, घराणं कित्येक पिढ्या तिकडेच. मी लग्न होऊन नागपूरहून चेन्नईला आलेली, त्यांच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर. ‘काय ग अम्मा, जेवलीस की?’ असं तमिळ हेलात विचारायचे, आणि मला हसू आवरायचं नाही. प्रयोगशाळा कसली, चार कॉम्प्युटर! रोगाच्या जंतूंना जगायला लोखंड लागतं, ते आपल्या शरीरातून पळवतात. हे पळवणारं प्रथिन आम्ही पडद्यावर उभं करायचो आणि त्याच्या खोबणीत कुठलं औषध अडकेल ते शोधायचो. दुपारभर ते निळसर धुरासारखं सावकाश फिरत असायचं, मधोमध लोखंडाचा तांबूस ठिपका, भोवती पाण्याच्या रेणूंचे बारीक ठिपके... सर गालाला हात लावून बघत बसायचे आणि बघता बघता चक्क डुलकी काढायचे.

एका दुपारी मला म्हणाले, ‘फाइलीतलं पाणी टाकून दे, लोखंड काढून ठेव.’ म्हणजे नैवेद्य काढून ठेवतात तसं, जपून. मी शहाणीने ‘काढून टाक’ असं समजून दोन्ही पुसून टाकलं! पुढे तीन महिने आमचं औषध खोबणीत काय सुरेख बसत होतं. बसणारच, लोखंडाची जागा रिकामीच होती. शोधनिबंध पाठवायच्या आदल्या दिवशी मला शंका आली. मूळ फाइल उघडून पाहिली, तिथे लोखंड होतं, आमच्या फाइलीत नव्हतं. पण कंत्राट वाढायचं होतं... मी मूग गिळून बसले.

छापून येण्याआधी सरांनीच चूक पकडली, निबंध मागे घेतला. सगळ्यांसमोर हसत म्हणाले, ‘आमचं मराठी जुनं, हिचं नवं. चूक माझ्या मराठीची. परवायिल्लै, चालायचंच.’ माझं कंत्राट वाढलं. मला आधीच कळलं होतं, हे मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

परवा नुंगंबाक्कमला मामींकडे, सरांच्या पत्नीकडे, गेले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. मामी शांतपणे म्हणाल्या, ‘ठाऊक होतं ग त्यांना. तू मूळ फाइल कधी उघडलीस, ते कॉम्प्युटरवर दिसलं की. मी म्हटलं, विचारा तिला. तर म्हणाले, विचारून काय, आपण होऊन सांगेल. म्हणून तर रोज पाचाला दोन कॉफी मागवायचे.’

खरंच... निबंध मागे घेतला त्याच आठवड्यापासून सुरू झालं होतं ते. पाच वाजता त्यांच्या टेबलावर दोन टंबलर, समोरची खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवलेली. सर कॉफीवर फुंकर घालत बसायचे. चार वर्षं. आणि मी कॉफी संपवून, ‘येते हं सर,’ म्हणून घरी पळायचे.