विहिणीच्या गावात गोधडी

छंद म्हणून गोधडी शिकायला छत्रपती संभाजीनगरला चालले आहे, असं मी सांगलीत सगळ्यांना सांगितलं. दुकानातल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, ब्लाउजपीस, फॉल, सगळं माझ्याकडे मिळतं, पण सुई घेऊन बसलेलं मला कुणी कधी पाहिलेलं नाही. खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार ब्लाउजपीस विकले, त्यातून दुकान उभं केलं. शिवत बसायला वेळ होता कुठे? कापड मी विकायचं, शिवायचं दुसऱ्यांनी, असा माझा सरळ हिशोब होता.

तो विहिणीनं मोडला. गेल्या वर्षी माझ्या नातीचं बारसं आमच्या घरी झालं. मी बाळासाठी चांगल्यातलं दुपटं आणलं होतं, गुलाबी, सशांच्या चित्रांचं. विहीणबाई संभाजीनगरहून आल्या होत्या. त्यांनी ते दुपटं चिमटीत धरून उचललं आणि माझ्याच घरात, माझ्याच गल्लीतल्या बायकांसमोर म्हणाल्या, "कापडाचं दुकान हाय म्हणं, आन् नातीला दुपटं विकतचं?"

बायका हसल्या. मी पाहुणचारात कसर ठेवली नाही, पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच. नातीचा पहिला वाढदिवस फेब्रुवारीत, पुण्याला लेकीच्या घरी व्हायचा होता. त्या दिवशी माझ्या हातची गोधडी तिच्या अंगावर घालायची आणि विहिणीच्या तोंडाकडे निवांत बघायचं, एवढं मी ठरवलं. एका गिऱ्हाइकाकडून कळलं की बारीक टाक्याची गोधडी शिकवणारी बाई नेमकी संभाजीनगरातच आहे. म्हटलं, उत्तम. विहिणीच्याच गावात शिकते.

जानेवारीतली सकाळ होती. थंडी कानाला झोंबत होती. रस्त्याच्या मधोमध जुना दगडी दरवाजा उभा, आणि त्याच्या कमानीतून रिक्षा, शाळेच्या गाड्या, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली अंग चोरून निघत होत्या. रिक्षावाल्यानं छावणीचं भाडं सांगितलं. मी त्याच्या निम्मं सांगितलं.

"आधे रस्ते में उतार दूँ क्या फिर, खाला?" तो म्हणाला.

मी बॅग उचलून चालायला लागले. थोड्या वेळानं रिक्षा मागून आलीच. "बैठो, बैठो. सुबा सुबा तुमसे कौन झगडा करता!"

मी मुद्दाम छावणीत उतरले होते. विहिणीचं घर गारखेड्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. लॉजच्या खाली बेकरी होती. सकाळी खोलीत पावाचा गरम वास यायचा आणि लष्करी गाड्यांचा आवाज. खोली लहान होती, पण ऊन खाटेपर्यंत यायचं. मला ती आवडली, हे मी मालकाला कळू दिलं नाही. भाडं ठरायचं होतं.

वर्ग एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या येसूमावशी धनगराच्या घरातल्या. भाऊ अजून पैठण रस्त्याला मेंढरं राखतात, मावशी मात्र मोबाइलवर स्वतःच्या गोधड्यांचे व्हिडिओ टाकतात. तोंडाचा पट्टा सारखा चालू. "माझी गोधडी इमानात बसून परदेशात गेली," त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. "मला बी बोलावलं व्हतं. म्हनलं, मला येळ नाय."

त्यांची पद्धत अशी: कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनी फेरे घेत घेत मध्यापर्यंत जायचं, सगळा साधा धावदोरा. मला वाटलं, यात काय शिकायचं? दुपारपर्यंत माझा सरावाचा तुकडा आक्रसून बटाट्याच्या पिशवीसारखा दिसायला लागला. मावशींनी तो सगळ्यांना दाखवला.

"हिच्या गोधडीनं मूठ वळलीय बघा. कुणाला मारायचंय गं?"

खोलीभर हसू पिकलं. मी तापले. म्हणाले, "दोराच निकृष्ट आहे. माझ्या दुकानात असला दोरा मी ठेवत नाही."

"दोरा गरीब हाय. तू वढतीस कशाला त्याला?"

सगळं उसवलं. पुन्हा शिवलं. पुन्हा मूठ. प्रत्येक टाका घालताना मनात विहीण यायची आणि हात आपोआप दोरा खेचायचा. अखेर मी हाताला वेगळं काम दिलं. साखळी टाका शिकले, काजटाका शिकले, मग साखळी टाक्यानं एक चिमणी भरली. ती चिमणी जरा कोंबडीसारखी झाली, पण तिच्यात मी अशी रमले की चहा गार झाला. पुढचा तुकडा शिवला तो सपाट उतरला. पोळीसारखा सपाट! मी तो लॉजच्या मालकाला, बेकरीवाल्याला आणि ओळख ना पाळख अशा एका फौजीच्या बायकोलाही दाखवला.

आता खऱ्या गोधडीला कापड हवं होतं. मी गुलमंडीत गेले. कापड घ्यायचं म्हणजे माझं घरचं मैदान. एका दुकानात पांढरी मलमल पाहिली, चोळून पाहिली, हुंगली, उजेडात धरली, नाक मुरडलं. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ.

"बाजी, तुम धंदेवाले लोगां दिखते," ते म्हणाले. "ग्राहक ऐसा कपडा नै सूंघता."

"धंदेवाल्यांना धंद्याचा भाव द्या मग."

"नुकसान में दूँ क्या?"

"नुकसान असतं तर तुम्ही मला चहा सांगितला नसता."

चहा खरंच सांगितलेला होता. ते हसले आणि भाव उतरला. परत येताना कोपऱ्यावर गरम इमरती खाल्ली, पाक मनगटापर्यंत ओघळला, आणि मी अगदी जिंकून छावणीत आले.

दुसऱ्या दिवशी येसूमावशींनी ती मलमल बोटानं बाजूला सारली. "नवी हाय ही."

"नवीच आहे. कोरी."

"लेकराला नवं टोचतं. लेकराच्या गोधडीला जुनेर लागतं." जुनेर म्हणजे वापरून वापरून मऊ झालेलं कापड, ते मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. "आन् त्ये बी दोन्ही घरचं. आईच्या घरचं खाली, बापाच्या घरचं वर. ज्याचं जुनेर, त्याचं नाव घेऊन पयला टाका घालायचा. आमच्यात तसंच हाय."

"जुन्या बाजारातून आणते की दोन साड्या."

"मग नाव कुणाचं घेशील? भंगारवाल्याचं?"

माझा आवाज चढला. म्हणाले, हे आधी सांगायचं होतं, मी काय रिकामी बसलेय काय, फी परत करा. मावशी सुईत दोरा ओवत राहिल्या. मी तरातरा लॉजवर आले.

आईच्या घरचं जुनेर बॅगेतच होतं. मी झोपताना नेसते ती निळी सुती साडी. गठ्ठा घेऊन हिंडायचे तेव्हाची. तिचा काठ विरला आहे, पण तिच्याशिवाय मला परक्या गावात झोप येत नाही. ती द्यायची, हे मी एका दमात ठरवलं. पण बापाच्या घरचं? ते गारखेड्याला, लोखंडी फाटकाच्या आत, त्या बाईच्या ट्रंकेत.

सांगलीला परतले असते तर दुकानातल्या मुली पुन्हा हसल्या असत्या, आणि वाढदिवसाला मी पुन्हा काहीतरी विकतचंच नेलं असतं. रिक्षा केली. त्या दिवशी भाड्याची घासाघीस करायचंही सुचलं नाही.

विहीणबाईंनी दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अगंबाई! विहीणबाई? न सांगता? कदी आलात?"

"झाले काही दिवस. छावणीत लॉजवर आहे."

"लॉजवर! का, आमचं घर जळालं व्हतं का?"

त्यांनी मला ओढत आत नेलं. घरी त्या एकट्याच होत्या. व्याही गावाकडे ज्वारी राखायला गेले होते. पुढ्यात ताट आलं: गरम भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी), हिरव्या मिरचीचा ठेचा. येसर इतकं झकास होतं की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मग बोलायचं ते बोलले.

"तुमची एक जुनी साडी पाहिजे. नातीच्या गोधडीला. मी शिवतेय."

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, भांडायला आलात."

"भांडायलाच आलेय. त्यालाच साडी लागतेय."

त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. आतून ट्रंक ओढून आणली आणि एक हिरवं इरकली लुगडं काढलं. मी बोटात धरलं. सायीसारखं मऊ. आयुष्यात एवढं कापड हाताळलं, पण विकायला असं कधी आलं नाही.

"देते," त्या म्हणाल्या. "पर टाके मी बी घालनार."

"गोधडी माझी आहे."

"लुगडं माजं हाय."

"एक कड तुमची."

"निम्मी."

"एक कड आणि एक कोपरा."

"निम्मी म्हनलं ना."

मी उठले, चप्पल घातली, दाराकडे निघाले. ही माझी जुनी युक्ती. दारापर्यंत जाण्याआधी माणूस हाक मारतोच. हाक आली नाही. मागे ट्रंकेची कडी वाजली. लुगडं आत गेलं होतं. माल आत ठेवायची ही युक्ती मी रोज गिऱ्हाइकांवर वापरते, त्यामुळे मला ती ओळखता आली. मी चप्पल काढून पुन्हा बसले.

"एक फेरा तुमचा, एक माझा," मी म्हणाले.

"पयला माजा."

"शेवटचा मग माझा."

"शेवटचं शेवटी बगू." कडी पुन्हा उघडली. लुगडं माझ्या मांडीवर ठेवताना त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "आमच्यात दोगी आज्ज्या मिळून शिवत्यात. मी वाट बगत व्हते तुमच्या फोनची. बारशाला आले तं विकतचं दुपटं तयार." बस, एवढंच. माफी वगैरे काही नाही.

त्या संध्याकाळी लॉजच्या उरलेल्या भाड्यावरून भांडून मी बॅग गारखेड्याला आणली.

येसूमावशींना फोन केला, तर त्यांनी दोघींना भावाच्या वस्तीवरच बोलावलं, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पैठणच्या एसटीनं तिकडे गेलो. दोन्हीकडे उभी ज्वारी, दूर माथे सपाट असलेले डोंगर. मावशींच्या भावानं गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून हुरडा चोळून दिला, वर तिखट शेंगदाण्याची चटणी. हातांना काळं लागलं, ओठांनाही. मावशींनी दोघींना हात धुवायला पिटाळलं.

सारवलेल्या अंगणात माझी निळी साडी आणि हिरवं लुगडं अंथरलं. मावशी कात्री शोधायला उठल्या, तेवढ्यात मी साडीला दातानं जरा चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढली. चर्रर्र. धाग्यावर सरळ, एका दमात. मग लुगडंही तसंच.

"ह्ये मात्र येतंय तुला," येसूमावशी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली शाबासकी.

मग नावाचा टाका. विहिणीनं माझ्या साडीत सुई घातली आणि म्हणाली, "सुलोचना." लेकीच्या सासरच्या माणसांपैकी कुणी मला नुसती अशी नावानं हाक मारली नव्हती. मी हिरव्या लुगड्यात सुई घातली. त्या बाईला मी एवढे दिवस विहीणबाईच म्हणत आलेले, आणि एकटी असले की बरंच काही. "कौसल्या," म्हणाले. दोरा अलगद निघाला.

पुढचे दिवस वस्तीवरच्या त्याच अंगणात ऊन सरकेल तशी गोधडी सरकवत आम्ही फेरे घातले. तिचे टाके लांब, माझे मुंगीसारखे.

"मुंग्या चालल्यात का टाके?"

"तुमचे टाके बघा, एसटीचे थांबे वाटतात. एक इथं, एक थेट पैठणला."

मेंढरांची पिलं मध्येच येऊन गोधडी हुंगून जायची. मी मध्यावर माझी चिमणी भरली. विहीण म्हणाली, "कोंबडी बरीय." मी दोरा मुळीच ओढला नाही.

फेरे मध्यापर्यंत पोचले आणि सुरुवातीलाच मोकळा सोडलेला एक कोपरा तेवढा राहिला तेव्हा मावशींनी सांगितलं, त्यात ज्वारीचे दाणे घालून मग तो मिटायचा. पोटात दाणा नसलेली गोधडी उपाशी राहते आणि उपाशी गोधडी ऊब देत नाही. दाणे कुणी घालायचे यावरून आमची पुन्हा जुंपली. संपेचना. मावशींनी कानात बोटं घातली. शेवटी सौदा झाला: कोपरा उघडाच ठेवायचा, पुण्याला नातीसमोर दोघींनी मिळून मिटायचा. तोवर गोधडी माझ्याकडे, दाणे तिच्याकडे. एकमेकींचा बयाणा ठेवून घेतल्यासारखं.

स्टँडवर तिनं मला येसरचं पीठ दिलं आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, "कोपरा शिवला तं बगा!"

सांगलीला येऊन ती मलमल मी दुकानात लावली आणि नफ्यात विकली. गोधडी गल्लीतल्या त्याच बायकांना दाखवली. सौदा पुरता तोडल्याशिवाय मी आजवर कुठल्या गावाहून परतलेले नाही. यावेळी उघडा कोपरा घेऊन आले. बारशातलं ते वाक्य मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण परक्या गावात माझं काय गेलं, काय आलं, याचा हिशोब मांडायला बसते तेव्हा बोट त्या उघड्या कोपऱ्यातून आत जातं. एका बाजूला निळं, दुसऱ्या बाजूला हिरवं, आणि मऊपणात आता फरक कळत नाही.

काल रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन आला. "कोपरा उगडा हाय ना?"

"आहे. दाण्यांना किडे नाहीत ना लागले?"

"लिंबाचा पाला घालून ठिवल्यात. मला काय येडी समजता का, सुलोचना?"

"नाही," मी म्हणाले. "पण डब्याचं झाकण एकदा बघून या, कौसल्या. मी फोन धरते."